बंगल्यावरून आलेले तेल

नीलगिरीचे तेल घरात कसे वापरावे हे मला आता नीट सांगता येते. पुण्याला कॉलेजच्या वसतिगृहात कोणाला सर्दी झाली की तो माझ्या खोलीवर येतो. मी सांगतो, रुमालावर एक-दोन थेंब टाक आणि रुमाल नाकापासून थोडा लांब धर. वाफ घ्यायची असेल तर भांडे आधी विस्तवावरून खाली उतरव, मग थेंब टाक, आणि डोळे मिटून घे. छातीला चोळायचे तर वाटीभर खोबरेलात थोडेसेच मिसळ, नुसते अंगाला लावू नकोस. पोटात कधी घेऊ नकोस. दिव्याजवळ ठेवू नकोस, ते रॉकेलसारखे पेट घेते. मुले ऐकून घेतात, थोडी थट्टाही करतात. एक जण मला वैद्यबुवा म्हणतो. मी हसतो आणि बाटलीचे बूच घट्ट लावून ती पेटीत ठेवतो.

सुटीत लोणावळ्याजवळच्या माझ्या गावी, वलवणला, गेलो की तिथेही बायका विचारतात. आता गावात बऱ्याच घरांत अशी एखादी बाटली असते, कोणाकडे नीलगिरीची, कोणाकडे दाढेसाठी आणलेल्या लवंगेच्या तेलाची. मी त्यांच्या ओटीवर बसून सगळे सांगतो. फक्त आमच्या स्वतःच्या घरात मला ते सांगता येत नाही. आमच्याकडे हा विषय निघाला की आई उठून परसात जाते.

ते का, हे लिहून काढावे असे पुष्कळ दिवस मनात होते. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही, आणि घरातली गोष्ट चारचौघांपुढे मांडावी की नाही हेही मला नक्की ठाऊक नाही. पण जे घडले ते न कळून घडले, आणि त्याची शिक्षा मात्र कळून-सवरून दिली गेली, असे मला वाटते. म्हणून लिहितो.

माझी मोठी बहीण, जिला मी आक्का म्हणतो, कान्हे गावी दिलेली आहे. तिच्या सासरी शेती चांगली आहे, बैल आहेत, घरात माणसे पुष्कळ आहेत. आमची खालची भाताची खाचरे धरणाच्या पाण्यात गेली तेव्हापासून आबा, म्हणजे माझे वडील, खंडाळ्याला एका बंगल्यावर माळीकाम करतात. सोयरीक जुळली तेव्हा हा फरक एवढा जाणवला नव्हता. नंतर जाणवू लागला. आक्काच्या सासूबाई आमच्याकडे आल्या की बसायला घोंगडी अंथरलेली असली तरी आधी हाताने झाडून मग बसत.

आक्काचे पहिले बाळंतपण आमच्याकडे व्हायचे होते. तशी रीतच आहे. पण सासूबाईंच्या मनात नव्हते. आमच्याकडचा पाऊस, घरातली ओल, धरणावरून येणारा गारठा, सगळे त्यांनी बोलून दाखवले. शेवटी आक्काला घेऊन त्या स्वतःच आल्या आणि निघताना अंगणात, शेजारच्या दोन बायकांच्या देखत, आईला म्हणाल्या, "पैली खेप हाय म्हनून ठिवते. पन लेकरू आमच्या घरचं हाय. त्याला हितं काय बी झालं, तर तुमची लेक पुन्यांदा ह्या उंबऱ्याला यायची न्हाई."

आईने ते हसण्यावारी नेले. ती म्हणाली, "ईहीनबाई, गावातली निम्मी पोरं माझ्या हातची न्हायलीत. माझ्याच नातवाला मी काय व्हऊ देईन व्हय?"

यात बढाई नव्हती. गावात कोणाकडे मूल झाले की त्याला न्हाऊ घालायला आईला बोलावणे यायचे. पाय पसरून ती पाटावर बसे, मूल पायांवर घेई, आणि ज्या हाताने ती ढेकळे फोडत असे त्याच हाताने मुलाचे सांधे असे हलकेच वळवी की मूल रडता रडता झोपी जाई. अंग चोळून झाले की तेलाने टाळू भरायची, म्हणजे डोक्यावरचा तो मऊ, धडधडणारा खळगा तेलाने भिजवायचा. मग कानात एकेक थेंब आणि शेवटी बोट बुडवून नाकपुड्यांत. तेल घातले नाही तर मुलाची टाळू लवकर भरून येत नाही आणि नाक मोकळे राहत नाही, असे आमच्याकडे सगळेच मानतात. डॉक्टर आता म्हणतात, नाका-कानात काहीच घालू नये. तेव्हा तसे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

आषाढात आक्काला मुलगा झाला. आईने कान्ह्याला साखर पाठवली.

आता बाटलीचे सांगतो. खंडाळ्याचा बंगला मुंबईच्या लोकांचा होता. पावसाळा तोंडावर आला की ते बंगला बंद करून जात. जाण्यापूर्वी बंगल्यातल्या बाई कपाटे रिकामी करत आणि उरलेसुरले नोकरांना वाटून टाकत. अर्धा डबा बिस्किटे, विटलेली चादर, साबणाची वडी, तळाशी थोडे उरलेल्या बाटल्या. नोकर ओळीने उभे राहत आणि जे हातात पडेल ते घेत. काय आहे, कशाला लागते, हे विचारायची पद्धत नव्हती. देणाऱ्याला घाई असे, आणि घेणाऱ्याला वाटे की आपण विचारले तर हे परत घेतील. त्या वर्षी आबांच्या वाट्याला जी बाटली आली तिच्यात नीलगिरीचे तेल होते. निळ्या काचेची, अंगावर उभ्या, उठावाच्या रेघा असलेली, सुरेख बाटली. वरचा कागद भिजून निघून गेला होता. रेघा शोभेसाठी आहेत असे आईला वाटले. तिने ती देवळीत, देवाच्या शेजारी ठेवली.

हे तेल सर्दीवर चालते एवढे आईला ठाऊक होते. बंगल्यावर झाडलोटीला गेली असताना तिने एकदा पाहिले होते की बाईंना पडसे झाले होते आणि त्यांची आया याच बाटलीतले काही त्यांच्या छातीला चोळत होती. आयाने आधी दुसऱ्या तेलात ते मिसळले होते की नाही, हे आईने पाहिले नव्हते. आई दाराबाहेर फडके पिळत होती. तिला वास तेवढा आला.

मूल महिन्याचेही नसेल, तेव्हा त्याला सर्दी झाली. आमच्याकडे त्या दिवसांत धुके घरात शिरते, दुपटी शेगडीवर धरून वाळवावी लागतात, तेव्हा सर्दी होणे काही नवल नाही. आईने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. वेखंड उगाळून लावले. मूल अंगावर पीत होते, खेळत होते, फक्त श्वास घेताना घुरघुर वाजत होती. दोन दिवसांत सर्दी ओसरली असती. पण त्याच सुमारास लोणावळ्याच्या बाजाराला आलेल्या कोणीतरी निरोप आणला की आक्काच्या सासूबाई मुलाला पाहायला येत आहेत, उद्या, दुपारच्या गाडीने.

आईला रात्रभर झोप नव्हती असे आक्का सांगते. सकाळी तिने घर सारवून घेतले. मुलाला आंघोळ घातली. घुरघुर तशीच होती. मी मॅट्रिकला होतो, ओटीवर भूमितीचे पुस्तक घेऊन बसलो होतो, आणि आतले बोलणे मला ऐकू येत होते. आक्का म्हणत होती, "आये, सर्दीच हाय ती, त्यांना काय पोरं झाली न्हाईत व्हय?" आई म्हणाली, "तुला न्हाई कळायचं. त्या नाकाकडंच बघत्याल."

मग तिने देवळीतून बाटली काढली. ती निष्काळजी नव्हती. तिने आधी दोन थेंब स्वतःच्या तळहातावर घेऊन पाहिले. हाताला नुसते गार लागले. तिला वाटले, गार लागते म्हणजे सौम्य आहे, बाळाला सोसेल. पण तो हात वर्षानुवर्षे विळा धरलेला आणि शेण कालवलेला होता. त्या कातडीला काय समजणार? आज मी लोकांना सांगतो की असे तेल आधी साध्या तेलात मिसळून कोपराच्या आतल्या मऊ जागी लावून पाहावे आणि एक दिवस थांबावे. तळहातावर पाहू नये. हे सांगताना मला दर वेळी आईचा तो हात दिसतो.

तिने आमच्या रीतीप्रमाणेच सगळे केले. टाळू भरली. कानात मात्र घातले नाही. मग करंगळी बुडवून एकेका नाकपुडीत लावली. तिने विचार असा केला की बाहेरून छातीला चोळून जे गुण देते ते नाकातच घातले तर लवकर गुण येईल. खोबरेलाच्या वाटीच्या जागी ती बाटली होती, एवढाच काय तो फरक.

मूल एकदम गप्प झाले. मला आधी वाटले की झोपले. मग आक्काची हाक आली, आणि तशी हाक मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती. आत गेलो तर मुलाचे तोंड उघडे होते पण आवाज नव्हता. ओठ जांभळे पडत होते. हात-पाय लुळे. आई त्याला उपडे धरून पाठीवर थोपटत होती. शेजारची काकू धावत आली, तिने तांब्याभर पाणी डोक्यावर ओतले. त्याने ते तेल निघाले नाहीच, उलट डोळ्यांत उतरले. असले तेल पाण्याने निघत नाही. आधी साधे तेल लावून फडक्याने टिपून काढावे लागते. ते कोणालाच ठाऊक नव्हते. मूल एकदा आचके देऊन खोकले आणि बारीक रडू लागले. आईने त्याला तसेच पदरात गुंडाळले आणि ती बाहेर पडली.

आबा खंडाळ्याला होते. मी, आई आणि आक्का असे तिघे रस्त्याला लागलो. आक्का बाळंतीण, तिने उंबरा ओलांडायचा नव्हता, डोक्याला बांधलेले फडके तसेच होते. वाटेत एक टांगेवाला भेटला. त्याने आमच्याकडे पाहिले आणि काही न विचारता घोडा वळवला. लोणावळ्याच्या दवाखान्यापर्यंत आई एकच गोष्ट करत होती, मुलाच्या नाकापुढे गाल धरून श्वास लागतो का ते पाहत होती.

डॉक्टरांनी मुलाला घेतले, कापसाने नाक साफ केले, डोक्याला दुसरे तेल लावून पुसले, छातीला नळी लावली. डोळे धुतले. आम्ही भिंतीशी उभे. बऱ्याच वेळाने ते मागे वळले आणि त्यांनी विचारले, हे कोणी घातले. आई म्हणाली, "म्या."

"अगं, विष आहे हे एवढ्या पोराला," ते म्हणाले. "आणखी चार थेंब गेले असते तर इथवर आणलंच नसतंस."

ते रागाने बोलले, पण वाईट हेतूने नाही. त्यांच्या दारी रोज अशी मुले येत असतील. मी त्यांना दोष देत नाही. पण हे शब्द ऐकायला त्या वेळी दारात आणखी एक माणूस उभे होते. आक्काच्या सासूबाई दुपारच्या गाडीने उतरून वलवणला गेल्या होत्या. घराला नुसती कडी होती. शेजारणीने सांगितले तशा त्या मागोमाग दवाखान्यात आल्या होत्या. हातात मुलासाठी आणलेल्या झबल्या-टोपड्याचे गाठोडे होते.

त्या ओरडल्या नाहीत. सरळ डॉक्टरांपाशी गेल्या, मूल कसे आहे ते विचारले, मग बाकावर बसल्या. आई त्यांच्या पायांशी जाऊन खाली बसली आणि सांगू लागली की मला ठाऊक नव्हते, बंगल्यावर वापरतात म्हणून घातले. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

मूल वाचले. दुसऱ्या दिवशी ते नीट पिऊ लागले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले तेव्हा सासूबाई म्हणाल्या की आम्ही इथूनच कान्ह्याला जातो. तोवर खंडाळ्याहून आलेल्या आबांनी हात जोडले, सव्वा महिना तरी होऊ द्या म्हणाले. त्यांनी मान हलवली. आक्काची लुगडी आणि मुलाची दुपटी मी घरून आणून स्टेशनवर पोचवली. माहेराहून बाळंतीण सासरी निघते तेव्हा तिची ओटी भरतात, मुलाला पाळणा देतात. आईने पाळणा सुताराकडे करायला टाकला होता. तो तयार झाला नव्हता. ओटीसाठी तिने घाईने खण-नारळ आणला होता, पण गाडी आली तेव्हा सासूबाई आक्काच्या आणि तिच्या मध्ये उभ्या होत्या, आणि आईला पुढे व्हायचे धैर्य झाले नाही. गाडी गेल्यावर तो नारळ तिने पदराखाली धरून घरी आणला. रस्त्याने भेटणाऱ्यांनी विचारले तर ती म्हणे, देवाला नेला होता.

पुढे काही दिवसांनी मी डोळ्यांचे औषध आणायला दवाखान्यात गेलो, आईच्याच डोळ्यांचे, ते रडून सुजले होते. तिथल्या कंपाउंडरने मला ओळखले. तो म्हणाला, ती रेघांची बाटली होती ना? मी हो म्हणालो. त्याने सांगितले की पोटात घ्यायची नाहीत अशी औषधे पुष्कळदा तशा बाटलीत भरतात, अंधारात हाताला रेघा लागल्या की माणसाने सावध व्हावे म्हणून. ज्यांना ही खूण ठाऊक असते त्यांच्यासाठी ती खूण असते. आम्हांला ती नक्षी वाटली. मग मी त्याला बाकीचे विचारले, आणि तो औषधे बांधता बांधता सांगत गेला. तान्ह्या मुलाच्या नाका-तोंडाजवळ असले तेल न्यायचेच नाही, त्याने श्वास आखडतो. कापराचे आणि पेपरमिंटचेही तसेच. गरोदर बाईने विचारल्याशिवाय वापरू नये. बाटली उंचावर, कुलपात, अंधारात ठेवावी. पोर चुकून प्याले तर ओकारी काढत बसू नये, तसेच दवाखान्यात न्यावे. मी वाटभर ते घोकत आलो. घरी आलो तेव्हा ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. बाटली आबांनी आधीच कुठेतरी नेऊन फोडली होती.

दिवाळीच्या सुमारास बंगला उघडला. आबांनी बाईंना झाले ते सांगितले. तक्रार म्हणून नव्हे. पुन्हा कोणाला अशी बाटली द्याल तर दोन शब्द सांगून द्या, एवढेच त्यांना म्हणायचे होते. बाईंना खरेच वाईट वाटले. त्या म्हणाल्या, लहान मुलाला हे कोणी लावते का? आम्ही तर त्या कपाटाची किल्ली कमरेला ठेवतो. मग म्हणाल्या, तुम्ही विचारायचे होते. आणि पुढच्या वेळी बंगला बंद करताना त्यांनी कोणाला काही दिले नाही. उरलेल्या सगळ्या बाटल्या आबांच्या हाती दिल्या आणि मोरीत ओतायला सांगितल्या. आबांनी एकेक उघडून ओतली. ते सांगत की घरी परतताना त्यांच्या हातांना इतका छान वास येत होता की वाटेवरची माणसे वळून पाहत होती. हे सांगताना ते हसत. ते हसणे मला आवडत नसे.

मी पुष्कळदा विचार करतो की चूक कोणाची. किल्ली कमरेला ठेवण्याइतके ज्यांना ठाऊक होते त्यांनी वस्तू दिली आणि तिची रीत स्वतःकडे ठेवली. पण त्यांनी ते मुद्दाम केले असेही म्हणवत नाही. मला ठरवता येत नाही.

गावात मात्र लवकर ठरले. दवाखान्यातला तो एक शब्द कान्ह्याला गेला आणि तिथून फिरून आमच्या गावी आला. आजीने नातवाला विष घातले. ज्या बायका आईला ओळखत होत्या त्या तसे म्हणत नसत, पण त्यांच्याकडे मूल झाले की न्हाऊ घालायला आता बोलावणे उशिरा येई, आणि काही घरांतून येईनासे झाले. जिथून येई तिथे आई जाई, मुलाला चोळे, आंघोळ घाली, आणि तेलाची वेळ आली की वाटी बाळंतिणीपुढे सरकवून म्हणे, "तूच घाल."

आक्काला आणायला मी चार सणांना गेलो असेन. आमच्याकडे लेकीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे हा त्या घराचा मोठा नकार असतो. मला प्रत्येक वेळी चांगले जेवू घालून परत पाठवले. कधी भाताची कापणी असे, कधी नणंद आलेली असे. शेवटचा गेलो तो गेल्या वर्षीच्या दिवाळीत. तोवर युरोपात लढाई सुरू झाली होती आणि मी कॉलेजात जाऊ लागलो होतो. आईला वाटले, आता पोराला दोन अक्षरे आली आहेत, आता ऐकतील. तिने मुलासाठी टोपडे शिवले होते, अंदाजाने, कारण डोके केवढे झाले असेल ते तिला ठाऊक नव्हते.

कामशेतला उतरून चालत कान्ह्याला गेलो. सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांनी पाय धुवायला पाणी दिले, गूळ दिला, पुण्याची विचारपूस केली. मुलगा अंगणात कोंबड्यांमागे धावत होता. चांगला गुटगुटीत. त्याला थोडी सर्दी होती. आणि मी पाहत असतानाच मावशींनी फडताळाचे कुलूप काढून वरच्या फळीवरून एक बाटली काढली. कढत पाण्याचे भगुणे खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात ठेवले, त्यात दोन थेंब टाकले, दार उघडे ठेवले आणि मुलाला आत येऊ दिले नाही. वास तेव्हाच ओळखला. मी त्या बाटलीकडेच पाहत होतो.

माझे तोंड पाहून त्याच म्हणाल्या, "बघतो काय? कामशेतच्या बाजारातनं आनली. पोराच्या अंगाला न्हाई लावत मी. खोलीत नुसता वास ऱ्हातो, मग झोपायच्या टायमाला भगुनं भाईर काढते."

मी विचारले, हे कोणी सांगितले. त्या म्हणाल्या, त्याच डॉक्टरांनी. त्या दिवशी दवाखान्यात, आम्ही भिंतीशी उभे होतो तेव्हा त्यांनी उठून विचारून घेतले होते, हे तेल वाईटच असते की कशाला चांगलेही असते. आईला ते विचारणे शक्यच नव्हते. गुन्हेगाराने कसे विचारायचे?

त्यांची रीत अगदी बरोबर होती. मीही याहून निराळे सांगितले नसते. मी धीर केला आणि म्हणालो, "मावशी, मग तुमाला तर कळतंय की आईला ठाऊक नव्हतं. तिनं जानून न्हाई केलं."

"कळतंय की," त्या म्हणाल्या. "तुझी आई वाईट न्हाई, मला म्हाईत हाय. पन माझ्या तोंडानं मी समद्यांम्होरं बोलले हाय, लेक पुन्यांदा पाठवायची न्हाई. आता पाठवली तर उद्या माझ्या सुना माझं ऐकत्याल व्हय?"

त्यांनी हे शांतपणे सांगितले, जणू मला एखादा व्यवहार समजावून देत होत्या. मी कॉलेजात शिकतो. तर्कशास्त्राचा एक पेपर आम्हांला आहे. त्याचा इथे उपयोग नव्हता. त्यांनी आईला अपराधी मानले असते तर मी वाद घातला असता, पुस्तके दाखवली असती, त्या कंपाउंडरला आणले असते. त्या तर मानतच नव्हत्या.

निघताना आक्का गोठ्यापाशी भेटली. हात शेणाचे होते, म्हणून तिने मला मनगटाने जवळ ओढले. टोपडे तिने लगेच कमरेला खोचले. आईचे सगळे विचारले, दम लागतो का, पाणी लांबून आणावे लागते का. मग म्हणाली, "पुन्यांदा मुराळी व्हऊन येऊ नको. तू येऊन गेलास की आठ दिस मला ऐकावं लागतं. सहज म्हनून ये, भाऊ म्हनून ये. न्यायला नको येऊ."

मी म्हणालो, आईला काय सांगू. ती म्हणाली, "सुखात हाय म्हनून सांग. खोटं न्हाई ते. पोरगं चांगलं हाय, ह्यांचं बी काय म्हननं न्हाई. फकस्त तितं यायचं न्हाई, येवढंच."

संध्याकाळच्या गाडीने परत आलो. आई अंगणात बसली होती. तिने माझ्या मागे रस्त्याकडे एकदा पाहिले आणि मग पाहिले नाही. मी सांगायला सुरुवात केली, की मावशी म्हणाल्या त्यांना कळते, दोष तुझा नाही. मला वाटले होते, याने तिला थोडे बरे वाटेल. ती म्हणाली, "कळतंय व्हय त्यांना?" दोष आपला नाही हे समजूनही जर लेक येत नसेल, तर आता कशाची वाट पाहायची, हे तिच्या ध्यानात आले असावे. मी ते सांगायला नको होते की हवे होते, मला कळत नाही.

मग तिने मुलाचे विचारले. टोपडे बसेल का? बसेल, म्हणालो. चालतो का? धावतो, म्हणालो. बोलतो? बोलतो.

"आजी म्हनतो का रं?"

"म्हणतो," मी सांगितले. तो अंगणातून ओरडतच होता, त्याच्या घरातल्या आजीला.

"कसं म्हनतो?"

त्याला ज नीट येत नव्हता. मी त्याच्यासारखे म्हणून दाखवले, "आद्दी."

आईने पदर तोंडाला लावला. ती हसली असे मला वाटले. मग म्हणाली, पुन्हा म्हणून दाखव. मी पुन्हा म्हटले.